भर उन्हाळ्यात हुडहुडी भरवणारे शहर : सॅन फ्रान्सिस्कोला प्रथमच जाणाऱ्यांसाठी

मुंबई-पुण्याचा उकाडा असह्य होऊ लागला, की कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे दोन-चार महिन्यांच्या मुक्कामाला जाणाऱ्या मराठी आईवडिलांची संख्या आता थोडीथोडकी राहिलेली नाही, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला एक अनुभव हटकून येतो. सॅन होजे, सनीव्हेल किंवा फ्रीमाँट येथील घरातून निघताना आकाश निरभ्र असते आणि अंगावर सुती कपडे पुरेसे वाटतात. परंतु तास-सव्वा तासाच्या प्रवासानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलापाशी मोटारीचे दार उघडावे, तो असा बोचरा वारा अंगावर येतो की हातांची बोटे गारठतात, आणि ज्या पुलाचे छायाचित्र घेण्यासाठी एवढा खटाटोप केला त्याचे तांबडे-नारिंगी मनोरे धुक्यात पार गडप झालेले दिसतात. फिशरमन्स वॉर्फच्या दुकानांतून शहराचे नाव छापलेली जाड जाकिटे भर जुलैत हातोहात खपतात, ती अशाच बेसावध प्रवाशांच्या कृपेने.

हे कोडे वरवर पाहता सुटण्यासारखे नाही. सॅन फ्रान्सिस्को सुमारे ३७.८ उत्तर अक्षांशावर, म्हणजे जवळजवळ ग्रीसमधील अथेन्स शहराच्याच रेषेत वसलेले आहे. पण अथेन्समध्ये जुलैतील दुपारी पारा ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, तर सॅन फ्रान्सिस्कोत तो सरासरीने १९-२० अंशांवरच अडखळतो. वर्षातला सर्वांत उबदार महिना येथे मे, जून किंवा जुलै नसून सप्टेंबर आहे. शिवाय शहराच्या एका भागात लोक कोट घालून फिरत असताना दोन-तीन मैलांवरच्या दुसऱ्या भागात लोक हिरवळीवर ऊन खात पहुडलेले असतात. या शहरात ऋतूपेक्षा जागेला आणि तारखेपेक्षा घटकेला अधिक महत्त्व आहे. येथील वारा कोठून येतो, कशासाठी येतो आणि कोणत्या वाटेने जातो एवढे ज्याने समजून घेतले, त्याला कपडे कोणते घ्यावेत, पूल केव्हा पाहावा आणि समुद्राजवळ किती जावे, या सर्व प्रश्नांची उत्तरे स्वतःची स्वतः काढता येतात.

थंडीचे मूळ समुद्रात

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला समुद्र म्हणजे उबदार पाणी हे गृहीतच असते. कॅलिफोर्नियाच्या या किनाऱ्यावर पॅसिफिक महासागराच्या पाण्याचे तापमान मात्र ऐन उन्हाळ्यातही साधारण १२ ते १५ अंशच असते, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, कॅलिफोर्निया प्रवाह या नावाने ओळखला जाणारा सागरी प्रवाह उत्तरेकडील थंड प्रदेशातले पाणी किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वाहून आणतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असून थोडे अधिक बारकाईने समजून घेण्याजोगे आहे.

वसंत आणि उन्हाळ्यात उत्तर पॅसिफिकवर हवेच्या अधिक दाबाचे एक विस्तीर्ण क्षेत्र ठाण मांडून असते, आणि त्याच्या कडेने वाहणारे वारे या किनाऱ्याला वायव्येकडून समांतर झोडपत राहतात. हे वारे समुद्राच्या पृष्ठभागावरील पाणी ढकलतात. पण पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाहत्या पाण्याला उजवीकडे वळण मिळते, म्हणून पाण्याचा वरचा थर वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे सरकतो. किनाऱ्यालगत अशी जी जागा मोकळी होते, ती भरून काढण्यासाठी शे-दोनशे मीटर खोलीवरचे, जेथे सूर्याची उष्णता पोहोचत नाही तेथले गार पाणी वर येते. वारा जितका जोराचा तितका हा उपसा अधिक, आणि वारा सर्वांत जोरात वाहतो तो वसंतात व उन्हाळ्यात. म्हणून सूर्य जेव्हा डोक्यावर येतो नेमका तेव्हाच किनाऱ्यालगतचा समुद्र गार राहतो. हेच तळचे पाणी आपल्याबरोबर विपुल पोषकद्रव्ये वर आणते, त्यांवर सूक्ष्म वनस्पती व लहान मासळी पोसली जाते, आणि तिच्यामागे देवमासे येतात. गोल्डन गेटपासून पश्चिमेला सुमारे २७ मैलांवर असलेल्या फॅरलॉन बेटांच्या परिसरात उन्हाळ्यात देवमासे पाहण्यासाठी प्रवासी नौका जातात, त्या याच उपशाच्या भरवशावर.

समुद्रावर उतरलेला ढग

उष्ण हवेत पाण्याची वाफ अधिक मावते आणि थंड हवेत कमी, हे तत्त्व एकदा ध्यानात घेतले की धुक्याची उत्पत्ती समजण्यास अडचण पडत नाही. हजारो मैलांच्या मोकळ्या महासागरावरून येणारी हवा बाष्पाने भारलेली असते. किनाऱ्यालगतच्या थंड पाण्याच्या पट्ट्यावरून जाताना तिचा खालचा थर निवतो, आणि न मावणारे बाष्प सूक्ष्म जलकणांच्या रूपाने बाहेर पडते. हे जलकण म्हणजेच धुके, म्हणजे जमिनीला किंवा पाण्याला टेकलेला ढगच होय.

आता हे धुके वर चढून आकाशात विरून का जात नाही, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. अधिक दाबाच्या क्षेत्रात वरची हवा सतत खाली बसत असते, आणि खाली येताना दाबली गेल्यामुळे ती तापते. परिणामी, उंचीबरोबर हवा थंड होत जावी हा जो सर्वसाधारण नियम, तो येथे उलटा होतो : खाली गार व ओलसर हवा, तर काही शे मीटर उंचीवर कोरडी व उष्ण हवा. जड गार हवेला हलक्या उष्ण हवेतून वर चढता येत नाही, आणि धुके तिच्याखालीच कोंडलेले राहते. पुलाच्या उत्तरेस असलेल्या सुमारे ७८४ मीटर उंचीच्या टॅमलपायस पर्वतावर उन्हाळ्याच्या सकाळी गेले तर शिखरावर लख्ख ऊन असते आणि खाली, जेथे समुद्र असावयास हवा तेथे, क्षितिजापर्यंत पांढराशुभ्र सपाट पसारा दिसतो.

गोल्डन गेटची खिंड आणि तापलेले खोरे

समुद्रावरचे धुके शहरात कशासाठी येते, याचे उत्तर शहरात नसून पूर्वेकडे, डोंगरांच्या पलीकडे आहे. तेथे सुमारे ४५० मैल लांबीचे सेंट्रल व्हॅली नावाचे विशाल खोरे असून, उन्हाळ्यात तेथील सॅक्रामेंटोसारख्या शहरांत उष्णतेच्या लाटेत पारा ४० अंशांपलीकडे जातो. तापलेली हवा वर चढते, जमिनीलगतचा दाब उतरतो, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी समुद्रावरची गार, जड हवा पूर्वेकडे ओढली जाते. तिच्या वाटेत किनाऱ्याची डोंगररांग आडवी येते, आणि त्या रांगेत समुद्रसपाटीवर आरपार गेलेली मोठी खिंड जवळजवळ एकच आहे : अरुंद भागी एक मैलाच्या आसपास रुंदीची गोल्डन गेट सामुद्रधुनी. साऱ्या खोऱ्याची मागणी पुरवणारा वारा या एका दारातून घुसतो, आणि १९३७ साली खुला झालेला तो सुप्रसिद्ध पूल नेमका त्याच दारात उभा आहे. पुलावर वारा एवढा का, याचे उत्तर एवढ्यावरून मिळते.

खोरे दुपारी सर्वाधिक तापते, म्हणून वाऱ्याचा जोर दुपारनंतर वाढतो आणि संध्याकाळी धुक्याचा लोंढा खिंडीतून व टेकड्यांवरून आत येतो. रात्रभर त्याचा अंमल राहतो, आणि सकाळी जमीन तापू लागली की दहा-अकराच्या सुमारास ते कडेकडेने विरू लागते. या दैनंदिन चक्रावर आणखी एक मोठे चक्र असते. काही दिवस सतत गार हवा आत गेली की खोरेही निवते, त्याची ओढ कमी होते, धुके समुद्राकडे मागे सरते आणि शहराला दोन-तीन दिवस स्वच्छ ऊन लाभते. मग खोरे पुन्हा तापते आणि धुके परतते. म्हणून मुक्काम मोठा असेल, तर पहिल्या दिवशी पूल दिसला नाही तरी हिरमुसून जाण्याचे कारण नाही.

धुक्याच्या या शिरस्त्याला इतिहासाचीही साक्ष आहे. युरोपीय दर्यावर्दी सोळाव्या शतकापासून या किनाऱ्याने ये-जा करीत होते, तरी या खिंडीमागचा एवढा प्रशस्त उपसागर त्यांना समुद्रावरून सापडला नाही. १७६९ साली स्पॅनिश अधिकारी पोर्तोला याच्या तुकडीला तो प्रथम दिसला तो जमिनीवरून, आणि ‘सान कार्लोस’ या जहाजाने सामुद्रधुनीत प्रवेश केला तो १७७५ साली. खिंडीच्या मुखावरचे धुके आणि तिच्यामागे एकात एक मिसळून दिसणारी बेटे व टेकड्या यांनी ते दार दोनशे वर्षे झाकून ठेवले होते.

डोंगराची पश्चिम आणि डोंगराची पूर्व

महाबळेश्वरी पावसाळ्यात ढग जमिनीला टेकलेले असताना घाट उतरून वाईला आले की पाऊस किती झपाट्याने उणावतो, हे महाराष्ट्रीय वाचकाला सांगावयास नको. डोंगर वाऱ्याला अडवतो, वाऱ्याकडची बाजू भिजते आणि पाठीमागची बाजू कोरडी राहते. सॅन फ्रान्सिस्कोत हाच न्याय पावसाऐवजी धुक्याला, आणि कित्येक कोसांऐवजी दोन-तीन मैलांत लागू पडतो. साधारण सात मैल लांब व सात मैल रुंद अशा या शहराच्या मधोमध दक्षिणोत्तर टेकड्यांची रांग असून ट्विन पीक्सची उंची सुमारे २८० मीटर आहे. या रांगेच्या पश्चिमेकडील सनसेट व रिचमंड या वस्त्या सरळ समुद्राच्या तोंडाशी असल्याने तेथे उन्हाळ्याचे दिवसच्या दिवस करडे जातात. पूर्वेकडील मिशन, पोट्रेरो हिल, नोई व्हॅली हे भाग टेकड्यांच्या आडोशाला येतात, आणि टेकडीवरून उतरणारे धुके तेथे पोहोचेपर्यंत बहुधा विरून जाते. मिशन भागातले डोलोरेस पार्क उन्हासाठी शहरभर प्रसिद्ध आहे.

हे प्रत्यक्ष अनुभवावयाचे असेल तर ‘एन जुडा’ या मार्गाची ट्राम डाउनटाऊनपासून समुद्रापर्यंत घ्यावी. वाटेत ती १९२८ साली खुल्या झालेल्या सनसेट बोगद्यातून टेकडी पार करते. जुलैच्या एखाद्या दुपारी बोगद्याच्या अलीकडे ऊन आणि पलीकडे धुके असा पालट काही मिनिटांत दृष्टीस पडतो.

दिवसाचा बेत कसा आखावा

वरील विवेचनातून व्यवहाराचे नियम आपोआप निघतात. कपड्यांच्या बाबतीत एकच जाड कोट नेण्यापेक्षा सुती कपडे, त्यावर स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारे पातळ जाकीट असे तीन थर ठेवावेत, म्हणजे दिवसभरात ते चढवता-उतरवता येतात. वयस्क मंडळींनी कान झाकणारी टोपी वा मफलर जवळ बाळगण्यात हयगय करू नये. कारण तापमानापेक्षा येथे वारा अधिक बाधतो.

पूल पाहावयाचा तो धुके विरल्यानंतर आणि वाऱ्याचा जोर वाढण्यापूर्वी, म्हणजे उन्हाळ्यात सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान. पूर्वेकडील पदपथावरून पायी चालण्यास शुल्क नाही, आणि दोन्ही टोकांमधील अंतर सुमारे १.७ मैल आहे. परत येण्याइतके बळ राखूनच मध्यापर्यंत जावे. धुके असलेच तर पुलावरचे भोंगे ऐकू येतात. खालून जाणाऱ्या जहाजांना वाट समजावी म्हणून ते पुलाच्या मध्यावर व दक्षिण मनोऱ्याशी बसवलेले असून त्यांचे स्वर निरनिराळे आहेत. दुपार पूर्वेकडील उबदार वस्त्यांत घालवावी.

धुक्याची सकाळ वाया जाऊ द्यावयाची नसेल, तर ती रेडवुड वृक्षांना द्यावी. पुलाच्या उत्तरेस म्युर वुड्स नावाचे संरक्षित वन आहे. पाऊस जवळजवळ नसलेल्या येथल्या उन्हाळ्यात हे उत्तुंग वृक्ष धुक्याचे जलकण पानांवर झेलून ते थेंबाथेंबाने आपल्या मुळांशी टाकतात, आणि हे दृश्य धुक्यातच पाहावयास मिळते. स्वतःच्या मोटारीने जावयाचे असेल तर वाहनतळाचे आरक्षण आगाऊ करावे लागते, आणि वनात मोबाईलला संकेत मिळत नसल्याने त्याची प्रत घरीच उतरवून घ्यावी. अल्काट्राझ बेटावरील जुना तुरुंग, जो १९३४ ते १९६३ पर्यंत संघराज्याच्या ताब्यात चालला, त्याची तिकिटेही उन्हाळ्यात पुष्कळ आधी संपतात. फेरी धक्का क्रमांक ३३ वरून सुटते, आणि नौकेच्या उघड्या भागावर उभे राहावयाचे असल्यास जाकीट हवेच.

भारतीय प्रवाशाने आणखी दोन ठिकाणे यादीत घालावीत. वेबस्टर व फिल्बर्ट रस्त्यांच्या कोपऱ्यावर वेदान्त सोसायटीचे जुने मंदिर आहे, जे विसाव्या शतकाच्या आरंभी स्वामी त्रिगुणातीतांच्या पुढाकाराने उभे राहिले. आणि वुड स्ट्रीटवर, ब्रिटिश राजवट उलथवू पाहणाऱ्या गदर चळवळीचे स्मारक आहे. १९१३ साली याच शहरातून ‘गदर’ पत्र निघू लागले, आणि त्या चळवळीच्या आद्य कार्यकर्त्यांत वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते. त्याच चळवळीतले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे १९१५ साली लाहोरात फाशी गेले. या दोन्ही स्थळी प्रवेशाच्या वेळा मर्यादित असल्याने आधी चौकशी करणे इष्ट.

महिना निवडण्याची मुभा असेल तर सप्टेंबर व ऑक्टोबर उत्तम. तेव्हा खोऱ्याची ओढ मंदावते, वारे पडतात आणि शहरात सर्वाधिक ऊब असते. मात्र हाच काळ आसपासच्या रानातील वणव्यांचाही असल्याने धुराच्या बातम्यांकडे लक्ष ठेवावे. पाऊस येथे हिवाळ्यात, मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो.

चढ-उतारांच्या रस्त्यांवर

धुके अडवणाऱ्या टेकड्यांवरच शहर वसलेले असल्याने येथले काही रस्ते कमालीचे उभे आहेत. घोड्यांना ते चढ झेपत नसत, म्हणून अँड्र्यू हॅलिडी यांनी १८७३ साली केबल कारची योजना अंमलात आणली. या गाडीत इंजिन नसते. रस्त्याखालच्या खाचेतून पोलादी दोर ताशी साडेनऊ मैलांच्या एकाच गतीने अखंड फिरत असतो. चालक मोठ्या दांड्याने चिमटा आवळून दोर पकडतो तेव्हा गाडी चालू लागते, आणि चिमटा सोडून ब्रेक लावतो तेव्हा थांबते. मेसन व वॉशिंग्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरील केबल कार संग्रहालयात दोर फिरवणारी प्रचंड चाके चालू स्थितीत विनामूल्य पाहता येतात. तीन मार्गांपैकी पॉवेल रस्त्यावरच्या दोन मार्गांना लांब रांगा असतात, तर कॅलिफोर्निया मार्गावर गर्दी बहुधा कमी. केबल कारचे भाडे साध्या बसच्या मानाने बरेच अधिक आहे. दिवसभर फिरावयाचे असेल तर पर्यटकांसाठीचा एक, तीन वा सात दिवसांचा पास सोयीचा पडतो. ‘एफ’ मार्गावरील जुन्या ट्रामगाड्या मात्र साध्या भाड्यात बंदराच्या कडेने फिशरमन्स वॉर्फपर्यंत नेतात.

विमानतळावरून बार्ट रेल्वे सुमारे अर्ध्या तासात शहराच्या मध्यभागी पोहोचवते. बार्ट, शहराच्या बसगाड्या व ट्राम आणि उपसागरातील फेऱ्या या सर्वांना क्लिपर कार्ड चालते. मोटार नेलीच तर दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. उतारावर गाडी उभी करताना पुढची चाके वळवून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे : तोंड उताराकडे असेल तर पदपथाच्या कडेकडे आणि चढाकडे असेल तर कडेपासून विरुद्ध दिशेला, म्हणजे ब्रेक सुटला तरी चाक कडेला अडते. दुसरी गोष्ट अशी की, उभ्या मोटारींच्या काचा फोडून होणाऱ्या चोऱ्यांमुळे आत पिशवी तर नाहीच, पण साधा कोटदेखील दिसेल असा ठेवू नये.

या समुद्रात पाऊल टाकण्यापूर्वी

पश्चिमेकडचा ओशन बीच साडेतीन मैल लांबीचा, वाळूचा आणि दिसण्यात अत्यंत निमंत्रक असा किनारा आहे. पण जुहू किंवा गणपतीपुळ्याला जसे मुलांना लाटांत सोडले जाते तसे येथे कदापि सोडू नये. तळचे वर आलेले पाणी एवढे गार असते की अचानक त्यात पडलेल्या माणसाचा श्वास अडखळतो आणि थोड्याच वेळात हातपाय साथ देईनासे होतात. त्यातच किनाऱ्याकडे आलेले पाणी अरुंद पट्ट्यांतून वेगाने परत समुद्रात ओढले जाते, आणि या ओढीत चांगला पोहणाराही सापडतो. कोणी सापडलाच तर त्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडून शक्ती घालवू नये. किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग परतावे. काठावर उभे असतानाही समुद्राकडे पाठ करू नये, कारण शांत दिसणाऱ्या पाण्यातून एखादी मोठी लाट अकस्मात फार वर येते. हा किनारा चालण्यासाठी, सूर्यास्त पाहण्यासाठी आणि लाटांचा घोष ऐकण्यासाठी आहे.

चौकट : थोडक्यात

• तळचे गार पाणी वर येते, त्यावरची ओली हवा निवून धुके होते, आणि पूर्वेकडचे तापलेले खोरे ते गोल्डन गेटच्या खिंडीतून आत ओढते.

• जून ते ऑगस्ट : तीन थरांचे कपडे, वारा अडवणारे जाकीट, कान झाकणारी टोपी.

• पूल अकरा ते दोनच्या दरम्यान; दुपार टेकड्यांच्या पूर्वेला; धुक्याची सकाळ रेडवुडच्या वनात.

• सर्वांत उबदार काळ सप्टेंबर-ऑक्टोबर; पाऊस नोव्हेंबर ते मार्च.

• अल्काट्राझची तिकिटे आणि म्युर वुड्सच्या वाहनतळाचे आरक्षण प्रवासाला निघण्यापूर्वीच करावे.

• उतारावर चाके वळवून ठेवावीत. मोटारीत काहीही दिसेल असे ठेवू नये.

• ओशन बीचवर पाण्यात उतरू नये आणि समुद्राकडे पाठ करू नये.